हलव्याला काटा येतो तेव्हा

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, पहाटेची थंडी अजून अंगणातून हललेली नसताना, माझी आत्या माजघराच्या उंबऱ्याशी कोळशाची शेगडी घेऊन बसे. शेगडीवर कल्हई केलेली पितळी परात, परातीत मूठभर तीळ, शेजारी पातेल्यात साखरेचा एकतारीहूनही कच्चा पाक, असा सगळा सरंजाम मांडून झाला की त्या पाकातला अर्धा चमचा, त्याहून थेंबभरही अधिक नाही, ती तिळांवर सोडी आणि मग उजव्या हाताची बोटे त्यांतून इतकी हळुवार फिरवीत राही की पाहणाऱ्या मुलाला वाटावे, ही परातीला नुसती कुरवाळते आहे. तासन्‌तास डोळ्यांना दिसेल असे काही घडत नसे. तीळ ओले होत, सुकत, पुन्हा ओले होत, पुन्हा सुकत. त्यांच्यावर एक पांढुरका, निस्तेज लेप चढे आणि तेवढ्यावरच पहिला दिवस मावळे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मात्र, नेमक्या कोणत्या क्षणी ते मला एकदाही पकडता आले नाही, त्या गुळगुळीत दाण्यांवर सुईच्या अग्राएवढी टोके उभी राहिलेली असत, आणि आत्या बोटे न थांबवता म्हणे, "काटा धरला."

या कामाचे तिचे काही शिरस्ते होते आणि त्यांत ती कोणाचीही भीड धरीत नसे. निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आल्याखेरीज परात चढवायची नाही. पाक उकळताना त्यात दुधाचे चार थेंब टाकून वर येणारा मळ झाऱ्याने काढलाच पाहिजे. आधीचा पाक पुरता सुकल्यावाचून पुढचा चमचा सोडायचा नाही. आणि आभाळ भरून आले, हवेत ओल जाणवू लागली, की सगळे काम तसेच उचलून झाकून ठेवायचे, मग घरात नव्या सुनेचा पहिला सण असो की बाळाचे बोरन्हाण असो आणि हलव्याच्या दागिन्यांची कितीही घाई असो. कारण विचारले तर ती सांगे, "अशा हवेत धरत नाही, बाळा." हे 'धरणे' म्हणजे काय, कोण कोणाला धरतो आणि कशाच्या जोरावर धरतो, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात जो पडला तो पुढे रसायनशास्त्राची पुस्तके वाचताना, आणि त्याहूनही पुढे, माणसांची चरित्रे वाचताना पुनःपुन्हा वर येत राहिला.

साखर पाण्यात विरघळते तेव्हा ती नाहीशी होत नाही. तिचे रेणू एकमेकांपासून सुटून पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत विखुरतात, इतकेच. पण पाण्याचीही एक ऐपत असते. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाणी सुमारे दोन किलो साखर आपल्यात सामावून घेते आणि तेथे थांबते; तेच पाणी उकळीला आणले तर पावणेपाच किलोंहूनही अधिक साखर त्यात विरघळते. आता हे उकळते, साखरेने भरलेले पाणी हलक्या हाताने, धूळ न पडू देता, धक्का न लावता थंड होऊ दिले, तर एक विलक्षण गोष्ट घडते, ती ही की ऐपत आटली तरी बोजा तसाच राहतो. थंड पाण्याला जेवढी साखर पेलण्याचा अधिकार नाही तेवढी त्याच्यात विरघळलेल्या स्थितीत मुक्काम करून राहते आणि वरून पाहता ते द्रावण निवळशंख, शांत, साध्या पाण्यासारखेच दिसते. शास्त्रज्ञ या स्थितीला अतिसंपृक्तता म्हणतात. त्या शांत दिसणाऱ्या भांड्यात साखरेचा एकच कण टाकला, तर त्याच्याभोवती कण जमू लागतात आणि जमतच जातात.

पण कण टाकेपर्यंत हे घडत का नाही? जादा साखरेला बाहेर पडायचे आहे, मग ती थांबते कशासाठी? याचे उत्तर एखाद्या वाडीच्या नकाशावर शोधता येईल. दहा घरांच्या वाडीत प्रत्येक घर गावकुसाच्या कडेलाच असते. प्रत्येकाची एक बाजू रानाकडे उघडी. हजार उंबऱ्यांच्या गावात मात्र बहुतेक घरांना चारी बाजूंनी शेजार लाभतो. साखरेचे चार-दहा रेणू योगायोगाने एकत्र आले की त्यांची स्थिती त्या वाडीसारखी होते; प्रत्येक रेणू कडेवरचा, एका बाजूने धरलेला आणि दुसऱ्या बाजूने पाण्याच्या ओढीला उघडा, त्यामुळे असे जमाव क्षणोक्षणी बनतात आणि क्षणोक्षणी विस्कटतात. एक विशिष्ट आकार गाठल्यावर मात्र आतल्या रेणूंचा परस्परबंध कडेच्या रेणूंच्या अस्थैर्यावर मात करतो, आणि तेथून पुढे तो जमाव विस्कटत नाही, वाढतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उंबरठ्याचे गणित प्रथम मांडले. बाहेरून टाकलेले बीज एवढेच करते की हा उंबरठा चढण्याचा खटाटोप वाचवते, तयार वस्ती आणून देते. प्रयोगशाळेत स्फटिक पडत नसले तर काचेच्या कांडीने भांड्याची आतली बाजू खरवडण्याची जी जुनी युक्ती आहे तीही याच कामाची, आणि खडीसाखर करणारे पाकात दोऱ्या ताणून ठेवून तो पाक कित्येक दिवस न हलवता राहू देतात तेही याचसाठी. आत्याच्या परातीत हे काम तिळाकडे होते. त्याच्यावरचा पहिला पांढुरका लेप म्हणजेच पुढच्या साखरेला धरायला मिळालेली जागा. आणि एकदा त्या लेपावर कोठे सूक्ष्म उंचवटा आला की पुढचा थेंब आधी त्यालाच लागे, तेथेच सुके, आणि उंचवटा अधिक उंच होई. जादा पाक पडला असता तर दाणा न्हाऊन निघून उंचवटे बुजले असते. ओलसर हवेत पाक सुकलाच नसता. प्रखर आचेवर तो धरण्याआधी आटून गेला असता. तिचे सगळे शिरस्ते एकेका कारणाशी बांधलेले होते.

आपल्या भाषेला ही प्रक्रिया फार पूर्वीपासून ठाऊक असावी असे तिच्या शब्दांवरून दिसते. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, वाळूचे बारीक कण. उसाच्या रसातून तसे कण पाडण्याची विद्या साधली तेव्हा तेच नाव गोड कणांना मिळाले, आणि तेथून साखर झाली. तिच्यापुढे आपण पुन्हा 'खडी' लावली, म्हणजे खड्याला खडा जोडला. पण मला सर्वांत हेवा वाटतो तो 'साखरणे' या क्रियापदाचा. मध साखरतो, पाक साखरतो, फार दिवस राहिलेला मुरांबा साखरतो. स्फटिकीभवन हा पाठ्यपुस्तकातला शब्द उच्चारण्यापूर्वीच ज्या मुलाने थंडीत मधाची बाटली खालून दाणेदार होताना पाहिली आहे, त्याच्यापाशी त्या क्रियेचे नाव तयार असते. तुपाचेही तसेच. लोणी कढवून ते माजघराच्या कोपऱ्यात सावकाश निवू दिले तर तूप रवाळ होते, आणि शीतकपाटात घाईने थिजवले तर मेणासारखे सपाट होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. सावकाश निवताना थोडी बीजे पडतात आणि प्रत्येकाला वाढण्यास अवसर मिळतो, घाईत असंख्य बीजे एकदम पडतात आणि कोणालाच मोठे होता येत नाही.

ज्यांना साखर धरू द्यायची नसते त्यांच्याही युक्त्या आहेत. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते चवीपुरते नव्हे. लिंबातील आम्ल साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे करते, त्यांतून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन निराळ्या शर्करा निघतात, आणि हे परके रेणू मूळ साखरेच्या रांगेत मधेमधे शिरून रांग जुळू देत नाहीत. ऊस तोडून फार वेळ पडून राहिला तर त्याच्या रसात हेच आपोआप घडते, म्हणून शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो, कण धरीत नाही. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा राहणारा गुळव्या रसात भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढीत राहतो, आणि शेवटी उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळवून पाहतो. त्या गोळीच्या टणकपणावरून काहील उतरवण्याचा हुकूम सुटतो. तापमापक त्याच्यापाशी नसतो. पण बोटांना समजणारी ती घटका पाच मिनिटांनी चुकली तर साऱ्या काहिलीचे रूप पालटते.

या ठिकाणी स्फटिकाचा एक गुण सांगायला हवा, कारण पुढच्या विवेचनाचा भार त्याच्यावर आहे. स्फटिक निवडक असतो. त्याच्या रांगांत आपल्या आकाराचा, आपल्या मापाचा रेणूच तो घेतो. बाकीच्यांना बाहेरच्या द्रवात लोटतो. म्हणूनच गढूळ द्रावणातून शुद्ध स्फटिक मिळतो, आणि म्हणूनच साखर कारखान्यात साखर एकीकडे आणि काळी मळी दुसरीकडे निघते. मिठागरात हेच काम उघड्या आभाळाखाली चालते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; उरण-पेणकडे, वसई-भाईंदरकडे खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवीत उन्हावर आटवतात. मीठ हे साखरेसारखे नव्हे. ते उकळत्या पाण्यात जेवढे विरघळते त्याहून थंड पाण्यात फारसे कमी विरघळत नाही, तेव्हा ते निववून हाती लागत नाही, पाणी उडवूनच काढावे लागते. पाणी आटता आटता मिठाआधी जिप्सम खाली बसते. मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की मिठाची पाळी येते. आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार अखेरपर्यंत पाण्यातच राहतात. म्हणून मीठ ओढण्याची घटका ठरलेली असते. ती टळली, सगळे पाणी आटू दिले, तर कडूपणाही मिठात उतरतो. वारा पडलेल्या दुपारी वाफ्याच्या पृष्ठभागावर मिठाचे पोकळ, चौकोनी, उलट्या पायरीच्या मनोऱ्यासारखे स्फटिक तरंगताना दिसतात. वाऱ्याची एक झुळूक आली की ते बुडतात.

त्या चौकोनाच्या आत काय आहे ते माणसाला १९१३ सालापर्यंत पाहता आले नव्हते. १९१२ साली जर्मनीत मॅक्स फॉन लाउए यांनी क्ष-किरण स्फटिकातून पाठवले तर पडद्यावर ठिपक्यांची नियमित नक्षी उमटते हे दाखवून दिले, आणि पुढल्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी त्या ठिपक्यांवरून मिठाच्या अंतर्भागाचा नकाशा काढला: सोडियमच्या प्रत्येक कणाभोवती क्लोरिनचे सहा, क्लोरिनच्या प्रत्येक कणाभोवती सोडियमचे सहा, बुद्धिबळाच्या पटाचे मजल्यावर मजले चढवावेत तशी रचना. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुलाचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

आपण महाराष्ट्रात राहणारे लोक तर एका प्रचंड स्फटिकशाळेवरच घरे बांधून आहोत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचाच सह्याद्रीचा काळा पाषाण झाला, आणि तो पाषाण ठिसूळ मातीसारखा निराकार दिसला तरी तोही स्फटिकांचाच बनलेला आहे. फक्त उघड्यावर लवकर निवल्यामुळे ते स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक राहिले. पण त्याच लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे फार मोठ्या काळात खडकांतून झिरपणारे क्षारयुक्त कोमट पाणी साचत राहिले, आणि तेथे, अंधारात, कोणाचाही धक्का न लागता जे स्फटिक वाढले ते बोटभर, वीतभर लांबीचे आहेत. एकाच दगडाच्या कवचात घाईचे आणि सावकाशीचे असे दोन्ही दाखले एकमेकांना चिकटून मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोरघाटातील रेल्वेमार्गासाठी सुरुंग उडाले तेव्हा अशा कोठड्या उघड्या पडल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट या निळ्याशार खनिजाचे मोरपिशी झुबके निघाले. नाशिक, जळगाव या भागांतील स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. सिन्नरला अशा खनिजांचे जे संग्रहालय आहे त्याचे नावच 'गारगोटी' आहे. तेथे एकदा जाऊन त्या गुलाबी पाकळ्यांसमोर उभे राहावे आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला पडलेली काळी खडी हातात घ्यावी.

मेक्सिकोतील नायका येथील खाणीत २००० साली सापडलेली गुहा हा याच नियमाचा परमावधीचा दाखला आहे. तेथे जिप्समचे ११-११ मीटर लांबीचे खांब उभे आहेत. गुहा गरम पाण्याने भरलेली होती आणि त्या पाण्याचे तापमान प्रदीर्घ काळ ५८ अंशांच्या आसपास अशा बेताचे राहिले की अतिसंपृक्तता सदैव नाममात्रच राहावी. त्यामुळे नवी बीजे जवळजवळ पडलीच नाहीत, आणि जी थोडी पडली त्यांना लाखो वर्षांचे अखंड राज्य मिळाले.

माणसाचे विचार असेच धरतात काय? आपण बोलताना तसे मानतो. एखादी गोष्ट मनात मुरते, घोळते, मग ती आकार घेते, पक्की होते. उपमा जुनी आहे. पण उपमेचा जो भाग आपण सहसा घेतो तो बीजाचा, आणि माझे म्हणणे असे की घ्यायला हवा तो द्रावणाचा. फळ पडले आणि सिद्धांत सुचला, स्वप्न पडले आणि सूत्र सापडले, अशा कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. त्या कथांत कण टाकलेला दिसतो, पण भांड्यात किती वर्षांपासून काय विरघळत होते ते दिसत नाही, कारण ते द्रावण साध्या पाण्यासारखेच दिसते.

लुई पाश्चर यांची १८४८ सालची गोष्ट मला या दृष्टीने अनमोल वाटते, कारण तीत स्फटिकही आहे आणि विचारही. द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत साचणाऱ्या टार्टारिक आम्लाचे क्षार ध्रुवित प्रकाशाची दिशा वळवतात. त्याच्याच जोडीचे, रासायनिक घटना तीच असलेले दुसरे आम्ल मात्र प्रकाशाला मुळीच वळवीत नाही. असे का, हे कोडे होते. आयलहार्ट मिट्शरलिख या नामांकित जर्मन रसायनज्ञाने १८४४ सालीच या दोन्हींचे विशिष्ट क्षार स्फटिकरूपात तपासून ते सर्वस्वी सारखे आहेत असा निर्वाळा दिला होता. चार वर्षांनी पंचवीस वर्षांच्या पाश्चरने तेच स्फटिक भिंगाखाली ठेवले आणि त्याला दिसले की दुसऱ्या क्षाराच्या स्फटिकांवर एक तिरका पैलू आहे, पण काहींत तो उजवीकडे झुकलेला आहे आणि काहींत डावीकडे, जसा उजवा हात आणि आरशातला उजवा हात. त्याने चिमट्याने दोन्ही प्रकार एकेक करून वेगळे काढले, निरनिराळे विरघळवले, आणि एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. या शोधाची रुजुवात घेण्यासाठी वृद्ध झां-बातिस्त बिओ यांनी त्याला आपल्या देखत सारा प्रयोग पुन्हा करायला लावला आणि मगच तो मान्य केला.

येथे परिस्थितीचा वाटा मोठा होता हे नाकारण्याचे कारण नाही. तो विशिष्ट क्षार सुमारे २७ अंशांच्या खालीच उजव्या-डाव्या स्फटिकांत विभागून पडतो; त्याहून उष्ण हवेत दोन्ही मिळून एकाच मिश्र स्फटिकात बसतात, आणि मग कितीही तीक्ष्ण डोळ्याला भेद दिसता ना. पॅरिसच्या हवेने ही कृपा केली. पण तीच कृपा मिट्शरलिखवरही झाली होती. त्याचे डोळे अधू नव्हते. फरक इतकाच की पाश्चरने त्याआधी स्फटिकांच्या पैलूंचा अभ्यास ध्यास घेऊन केला होता, फ्रान्समधील स्फटिकशास्त्राच्या परंपरेत तो बुडालेला होता, आणि रेणूची घडण उजवी-डावी असेल तर स्फटिकाचीही असलीच पाहिजे, ही अपेक्षा त्याच्या मनात काठोकाठ भरलेली होती. तो तिरका पैलू त्याच्या मनात पडलेला कण होता. मिट्शरलिखच्या मनात तो पडला तेव्हा विरघळून गेला.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर मी विष्णु नारायण भातखंडे यांचा देईन. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या या वकिलाने १८८४ पासून गायन उत्तेजक मंडळीत धृपदे-ख्याल शिकावेत, घराणेदार गवयांच्या पायऱ्या झिजवून शेकडो चिजा मिळवाव्यात, संस्कृत ग्रंथ उलगडावेत, आणि तरीही वीस वर्षे त्याला या अफाट सामग्रीची व्यवस्था लावता येऊ नये, ही स्थिती मला त्या निवळशंख, ओझ्याने भरलेल्या द्रावणासारखी दिसते. गवयांच्या तोंडी चालत आलेली व्यवस्था राग-रागिणींची होती: सहा पुरुष राग, त्यांच्या भार्या, त्यांचे पुत्र, पण कोणता राग कोणत्या कुळात याबद्दल एका मताशी दुसरे जुळत नव्हते, आणि प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या स्वरांशी त्या कुळांचा संबंध लावणे कठीण झाले होते. १९०४ साली भातखंडे दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. त्या प्रवासात एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितार यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि व्यंकटमखी यांचा सतराव्या शतकातील 'चतुर्दण्डिप्रकाशिका' हा ग्रंथ त्यांच्या हाती आला. त्या ग्रंथात कुळकथा नाही. बारा स्वरस्थानांतून सात-सात स्वरांचे जेवढे मेळ शास्त्रोक्त रीतीने बनू शकतात तेवढे मोजून त्यांची संख्या ७२ मुक्रर केली आहे आणि रागांना स्वरांच्या आधारे त्यांच्या खाली बसवण्याचा मार्ग दाखवला आहे.

दक्षिणेत तो ग्रंथ विद्वानांना परिचित होता; उत्तरेच्या गायकीने काठोकाठ भरलेल्या मनात तो प्रथमच पडला. भातखंड्यांनी ७२ मेळ जसेच्या तसे उचलले नाहीत. आपल्या कानांवर जे राग होते त्यांना पुरतील एवढेच, बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी, असे दहा थाट त्यांनी ठरवले, आणि मग जी चिजांची रास वीस वर्षे नुसती साठत होती ती थाटांभोवती जमू लागली. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे मराठी खंड, क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग, १९१६ सालची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद, १९२६ साली लखनौला निघालेले संगीत महाविद्यालय, हा सगळा विस्तार त्यानंतरचा. चाळिशी उलटून गेल्यावर मिळालेल्या एका हस्तलिखिताला याचे सारे श्रेय देणे मला अन्यायाचे वाटते. १८८४ ते १९०४ या वर्षांत गिरगावातल्या मैफलींत कान देऊन बसणाऱ्या, चीज उतरून घेण्यासाठी गवयाची मनधरणी करणाऱ्या माणसाला ते श्रेय आहे.

आणि तरी स्फटिकाची निवडकता या कामातही उतरलीच. पटदीप हा राग घ्या: त्यात गंधार तेवढा कोमल आणि निषादासह बाकीचे स्वर शुद्ध, असा मेळ दहांपैकी कोणत्याच थाटात नाही. म्हणून त्याला काफीत बसवतात. अहिरभैरवात ऋषभ कोमल आणि निषादही कोमल. त्याला भैरवाच्या घरात जागा देतात. ज्यांनी हे राग तन्मयतेने ऐकले आहेत त्यांना ही सोय दुखते, आणि थाटपद्धतीवर ज्या विद्वानांनी आक्षेप घेतले त्यांचे म्हणणे ऐकताना मला नेहमी वाटते की त्यांची फिर्याद खरी आहे. रचना बांधली की रचनेत न बसणारे बाहेर पडते; पण मळीत साखर उरत नाही असे मात्र नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडते, आणि तिचा दाखला पुन्हा स्फटिकांच्याच जगात मिळतो. १९९६ साली अमेरिकेत एड्सच्या रुग्णांसाठी रिटोनाविर नावाचे औषध निघाले. दोन वर्षे ते सुरळीत बनत होते. १९९८ साली एकाएकी कॅप्सूलमधील औषध विरघळण्याच्या कसोटीत उतरेना. शोध घेता असे आढळले की त्याच रेणूचा दुसऱ्या रचनेचा, अधिक स्थिर आणि पुष्कळच कमी विद्राव्य असा नवा स्फटिक जन्माला आला आहे. त्याचे सूक्ष्म कण जेथे पोचले तेथे जुन्या रूपाचा स्फटिक पडेनासा झाला. ज्या इटालियन कारखान्यात तोवर जुने रूप निर्धोक बनत होते तेथेही, नव्या रूपाशी काम केलेली माणसे जाऊन आल्यावर, ते नवे रूप दिसू लागले. औषधाचा घाट बदलून रुग्णांची तजवीज करावी लागली, आणि जुने रूप पुन्हा साधण्यासाठी पुढे महत्प्रयास पडले. रेणू तेच, द्रावक तेच. पण अधिक पक्की रचना एकदा जगात आली की आधीच्या रचनेकडे परतण्याची वाट जवळपास बंद होते.

राग-रागिणींच्या कुळांचे तसेच झाले. आजचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी थाट शिकतो, आणि त्यानंतर त्याला मालकंसाची भार्या कोणती, हे ऐकून काही ऐकू येत नाही. ज्या कानांना त्या नात्यांतून रागाचा स्वभाव, त्याचा प्रहर, त्याचे रूप जाणवत होते ते कान कसे ऐकत असतील याची कल्पनाही त्याला करवत नाही. ते सर्व खोटे होते म्हणून गेले असे मी म्हणणार नाही. रागमालेची चित्रे पाहताना, मेघ पाहणारी ती नायिका, हरणाला साद घालणारी ती तोडी, यांच्यासमोर उभे राहिले की जुन्या द्रावणाचा वास क्षणभर येतो, आणि जातो.

साखर कारखान्यात पहिल्या उकळीची साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी टाकून देत नाहीत. ती पुन्हा आटवतात, पुन्हा बीज देतात, दुसरी साखर काढतात, आणि त्यातूनही उरलेल्याची तिसरी. आत्याही काही टाकीत नसे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हलवा सुपात घेऊन ती तो हळूच पाखडी. काटेरी दाणे बाजूला होत आणि परातीच्या तळाशी पिठासारखा पांढरा चुरा राही, काही मोडलेले काटे, काही काटा न धरलेली साखर. तो चुरा ती सुती फडक्यातून चाळून घेई, पातेल्यात टाकी, त्यावर पाणी ओती, आणि दुधाचे चार थेंब घालून, मळ वर येईपर्यंत, शेगडीशी बसून राही.